हलीमा नदाफ, शेजारीण

हलीमाला तिच्या नावाचा अर्थ मी पहिल्यांदा विचारला तेव्हा आम्ही दोघी प्रसूतिगृहात शेजारशेजारच्या खाटांवर होतो, आणि तिची मुलगी जाऊन दोन दिवस झाले होते. असं काही अशा वेळी विचारू नये. पण मला ताप होता, सिझेरियनचे टाके पिकले होते, आणि पलीकडची बाई सकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडली होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून तिच्या खाटेला लावलेला कागद वाचला आणि म्हटलं, "हलीमा म्हणजे काय हो?"

ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "सोसणारी."

मग या कुशीवर वळली. "नुसती सोसणारी नाही. राग यायला कारण आहे, राग काढायची ताकद आहे, तरी काढत नाही, अशी. आमचे नाना सांगायचे. अल्लाच्या नावांत पण एक नाव हलीम आहे."

हे १९९३ सालचं. तारीखवार माझ्या वहीत आहे. संध्याकाळची वंदना झाली की पानभर लिहायचं, ही माझी सवय. शाळा आठवीत सुटली, ही सवय राहिली. आज लिहिते आहे ते मात्र रोजचं पान नव्हे. हलीमाविषयी एकदा सलग लिहून ठेवायचं आहे, कारण वहीत ती तुकड्यातुकड्यांनी आहे, आणि काही ठिकाणी मी तिच्याविषयी खरं लिहिलेलं नाही.

ती कसब्यातली. एका बोळात तिच्या नवऱ्याचा, दस्तगीरभाई नदाफांचा, गादी कारखाना. कारखाना म्हणजे खाली एक खोली, तिच्यात कापूस पिंजायचं मशीन, आणि लाकडी जिन्याने वर गेलं की राहायची जागा. मी मंगळवार पेठेतली. मधला रस्ता ओलांडला की चालत दहा मिनिटं. आमचे हे, भीमराव, तेव्हा स्वारगेट डेपोला कंडक्टर होते. घरात सासूबाई, सुंदराबाई.

नावाचा अर्थ ऐकून मला वाटलं होतं, बाई अगदी शांत असणार. पुढे तिला गिऱ्हाइकाशी बोलताना ऐकलं. सदाशिव पेठेतले एक गृहस्थ तक्रार घेऊन आले होते. "अहो, तुमची गादी वर्षात बसली."

हलीमा दाभणात दोरा ओवत होती. मान वर न करता म्हणाली, "मग काय उभी राहील? गादी आहे ती. रोज उन्हात टाकता का?"

"आम्हाला ऊन येत नाही."

"मग माझ्याकडून गादी न्या, आणि ऊन दुसऱ्या दुकानातून."

दस्तगीरभाई मशीनमागून हसायचे. "सासऱ्यांनी नाव ठेवायची घाई केली, वहिनी. चार वर्षं थांबून, बघून ठेवायला हवं होतं."

तर ती दुपार. अभय पाच दिवसांचा होता. माझं दूध तापात आटलं होतं आणि वरचं दूध त्याला सोसत नव्हतं. नर्सबाई चमच्याने पाजायच्या, तो तेवढंच बाहेर टाकायचा. रडणंसुद्धा बारीक झालं होतं, मांजराच्या पिल्लासारखं. भेटीची वेळ चार ते सहा. तोवर घरचं कुणी येणार नव्हतं. हलीमा ते ऐकत पडली होती. तिचा पदर पुढून ओला झालेला मला दिसत होता. जिच्यासाठी ते दूध येत होतं ती मातीत गेली होती, दुधाला ते कोण सांगणार.

ती उठून बसली. "इकडं द्या त्याला," नर्सला म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं. "वहिनी, तुम्हाला चालेल का? मी नदाफ आहे. मुसलमान."

मी म्हटलं, "माझं बाळ मरतंय, तुम्ही हे काय विचारता?"

तिने बिस्मिल्ला म्हटलं आणि त्याला घेतलं. थोड्या वेळाने त्याच्या गिळण्याचा आवाज यायला लागला. त्या खोलीत आठ बायका होत्या. सगळ्या तिकडेच बघत होत्या.

त्याच दुपारी तिने मला नावाची उरलेली गोष्ट सांगितली. तिच्या लोकांत मुलीचं नाव हलीमा ठेवतात ते नुसत्या अर्थासाठी नाही. फार पूर्वी अरबस्तानात शहरातल्या घरची तान्ही मुलं वाळवंटातल्या बायकांकडे पाजायला द्यायचे. अशा बायकांचा तांडा मक्केला आला. एक बाळ असं होतं की त्याचा बाप वारला होता. प्रत्येकीला वाटलं, विधवा बाई आपल्याला काय देणार, म्हणून त्याला कुणी घेईना. हलीमा नावाच्या एकीला दुसरं बाळ मिळालं नाही. हात हलवत कुठे परत जायचं, म्हणून तिने ते घेतलं. तिचं स्वतःचं मूल उपाशी रडायचं, इतकी ती आटलेली. बाळाला छातीशी धरलं आणि दोन्ही मुलं पोटभर प्यायली. ते बाळ म्हणजे पैगंबरसाहेब.

"आणि मोठेपणी?" मी विचारलं.

"मोठेपणी ही म्हातारी त्यांना भेटायला गेली. ते उठले. अंगावरची चादर काढून तिला बसायला अंथरली. माझी आई आली म्हणाले. सगळ्यांसमोर." हलीमा अभयच्या पाठीवरून हात फिरवत होती. "सगळ्यांसमोर," ती पुन्हा म्हणाली.

तिच्या नानांचं म्हणणं असं की नाव म्हणजे दुवा. पोरीच्या कानात अजान द्यायची, विचारून-सवरून घरातल्या मोठ्याने नाव ठेवायचं, आणि मग जन्मभर जो जो तिला हाक मारेल तो नकळत तिला दुवा देत राहील. "दिवसातून पन्नास वेळा लोक मला म्हणतात, सबूर असू दे तुला, सबूर असू दे. तरी मी अशी. म्हणाले नसते तर काय झालं असतं?"

मला हे फार पटलं. नावाची किंमत आमच्या लोकांना जरा जास्तच ठाऊक. माझ्या सासूबाईंचं पहिलं नाव धोंडी होतं. त्यांच्या भावाचं कचरू. ती नावं हाक मारणाऱ्याच्या सोयीची, पोरांना दुवा वगैरे त्यांत काही नव्हतं. छप्पन्न साली दीक्षा घेतल्यावर त्यांच्या वडिलांनी घरातल्या सगळ्यांची नावं बदलली आणि सासूबाई सुंदरा झाल्या. गावात कुणी जुन्या नावाने हाक मारली तर त्या वळायच्या नाहीत. घागर डोक्यावर, सरळ चालत जायच्या. मी हे हलीमाला सांगितलं तेव्हा तिला पहिल्यांदा हसू आलं. "तुझी सासू मला आवडणार," म्हणाली. त्या दिवशी आमचं अहोजाहो संपलं.

प्रसूतिगृहातून आम्ही अठराव्या दिवशी सुटलो, तोवर अभयला हलीमाच पाजत होती. माझं दूध परत आलं नाही. मग मी दुपारची अभयला पदराखाली घेऊन कसब्यात जायची. सकाळी आणि संध्याकाळी हळूहळू वरचं दूध सोसायला लागलं होतं, ते मी चूल सांभाळत गुपचूप पाजायची. सासूबाईंना सांगायची, गादीचं विचारून येते. पहिल्या दिवशी तसं का सांगितलं ते आता आठवत नाही. लाज वाटली असेल. पण त्याच आठवड्यात विहारातल्या बायका बाळ बघायला आल्या आणि सासूबाई त्यांना अभिमानाने म्हणाल्या, "एवढं आजारपण काढलं पोरीनं, पण लेकराला अंगावर पाजतेय बघा. कसा भरलाय." सगळ्या माझ्याकडे कौतुकाने बघायला लागल्या. मी खाली बघितलं. अंगावर पाजते असं मी म्हटलं नव्हतं, पण त्यांचं बोलणं खोडलंही नाही.

दुसऱ्या दिवशी हलीमाला म्हटलं, "हे कुणाला सांगू नकोस."

"कुणाला सांगते मी? दस्तगीरला ठाऊक आहे, तो मुका आहे."

"मोठा झाल्यावर यालासुद्धा नको."

तिचा गादीला टाका घालणारा हात थांबला. "कधीच?"

"कधीच."

तिने दोरा ओढून घेतला, गाठ मारली, दाताने तोडली. "बरं," म्हणाली.

का सांगितलं मी असं? दिवस तसे होते, लोक एकमेकांकडे वाकडं बघत होते, हे एक कारण मी स्वतःला सांगत आले. ते खरं कारण नव्हे. भीमरावांनी काही म्हटलं नसतं, सासूबाईंनी तर हलीमाला लुगडं नेसवलं असतं. मला वाटायचं, पोराला कळलं तर तो तिचा होईल. तिने जे दिलं ते माझ्याकडे नव्हतं. दुसरं काही नाही, एवढंच.

बहात्तर दुपारी मी गेले. नंतर अभयला वरचं दूध पुरतं सोसायला लागलं.

दोन वर्षांनी हलीमाला यास्मिन झाली. अभय आणि यास्मिन त्या कापसाच्या ढिगात वाढले म्हणायला हरकत नाही. पोरगा आमच्याकडे जेवून तिच्याकडे पुन्हा जेवायचा. त्याच्या प्रत्येक परीक्षेला तिची नवी उशी असायची. लोक म्हणायचे, किती जीव लावते शेजारीण. ती लोकांना कधी काही बोलली नाही. यास्मिनला मात्र लहानपणापासून शिकवलं, हा तुझा भाऊ. राखी बांधायला लावायची. आम्हाला ते शेजारधर्माचं वाटलं. म्हणजे बाकीच्यांना. मला ठाऊक होतं की त्यांच्यात एका बाईचं दूध प्यायलेली मुलं खरीच भावंडं होतात, सख्ख्यांसारखी, लग्नालासुद्धा चालत नाहीत.

एकदाच ते गुपित निसटण्याची वेळ आली होती. अभय चौदा वर्षांचा. क्लास बुडवून नदीवर गेला होता. हलीमाने त्याला शनिवारवाड्याजवळ बघितलं आणि भर रस्त्यात कान धरून आमच्या दारात आणलं. पोरं हसत होती. तो लाल झाला. हात झटकून ओरडला, "तू कोण लागतेस माझी?"

मी ताट घेऊन दारात उभी होते. हलीमाने माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, तिने मला वेळ दिला. मी ताट पुसत राहिले.

"शेजारीण," ती म्हणाली. आणि चप्पल घालून गेली.

त्या दिवशीच्या पानावर मी लिहिलं आहे, "अभय क्लास बुडवून नदीवर गेला. रागावले." एवढंच.

सासूबाई गेल्या, भीमराव रिटायर झाले, अभय शिकून सदाशिव पेठेतल्या एका लॅबमध्ये टेक्निशियन झाला, दीपाली सून म्हणून घरात आली. यास्मिन लग्न होऊन सोलापूरला गेली. हलीमाला शुगर निघाली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी अभय तिच्याकडे जाऊन बोट टोचून शुगर बघायचा. हा त्यांचा ठरलेला कार्यक्रम होता. त्या मशीनवर आकडा येईपर्यंत ती त्याच्याशी भांडायची.

"काल काय खाल्लंस मावशी?"

"भाकरी."

"भाकरीने दोनशे ऐंशी येत नाही."

"तुझं मशीन चिनी आहे."

यंदा जानेवारीत दस्तगीरभाई गेले. झोपेत, कुणाला त्रास न देता. अभयने जनाज्याला खांदा दिला. तिसऱ्या दिवशी त्यांची मोठी बहीण जुबेदाबी बार्शीहून येऊन राहिली, हलीमाची इद्दत पार पाडायला. विधवा बाईने चार महिने दहा दिवस घरात राहायचं, कुठे जायचं नाही, नटायचं नाही. हलीमाने तर कडक पाळायचं ठरवलं होतं. बाप, भाऊ, मुलगा असे घरचे पुरुष सोडून कुणासमोर यायचं नाही. तिला मुलगा नव्हता. भाऊ बार्शीला.

पहिल्या रविवारी अभय नेहमीसारखा जिना चढून गेला. वरच्या दाराला हिरवा पडदा लावलेला. पडद्यापुढे स्टूल टाकून जुबेदाबी लसूण सोलत बसलेल्या. मी मागून डबा घेऊन येत होते.

"कुठं निघाला?"

"मावशीची शुगर बघायचीय."

"इद्दत हाय बाबा. परक्या माणसाला आत जाता येत नाय."

"अहो, मी परका नाही. अभय. नेहमी येतो मी."

"नेहमी येतो म्हणून घरचा होत नाय. दूधवाला बी रोज येतो."

अभय माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "त्यांची रीत आहे. पाळायला हवी." आणि डबा घेऊन पडद्याच्या आत गेले. मला कोण अडवणार? हलीमा पांढऱ्या ओढणीत चटईवर बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे बघितलं नाही.

"अभय," ती आतूनच म्हणाली, "जेवलास का?"

"मावशी, तुझी शुगर?"

हलीमा उठली, पडद्यापाशी गेली आणि पडद्याच्या फटीतून एक बोट बाहेर काढलं. फक्त बोट.

"घे," म्हणाली. "बोटाला काय इद्दत."

"या अल्ला!" जुबेदाबींचा लसूण सांडला. "हात बी पडद्यातलाच असतो, हलीमा!"

"हात आत आहे. बोट बाहेर आहे."

अभय इतका हसला की त्याला टोचता येईना. जुबेदाबीसुद्धा ओढणी तोंडाला लावून हसल्या. पण दुसऱ्या रविवारी त्यांनी बोटालाही मनाई केली. लॅबमधली एखादी मुलगी पाठव, म्हणाल्या. अभयने शेफाली नावाची मुलगी पाठवली. ती टोचून आकडा सांगून गेली. अभय मात्र तरीही दर रविवारी जायचा आणि वरून तिसऱ्या पायरीवर बसायचा. पडद्यातून दोन वाक्यं व्हायची. जेवलास का. औषध घेतलंस का. अर्धा तास बसून तो खाली उतरायचा.

हलीमा खंगत चालली होती. नवऱ्याचं दुःख होतंच. पण मी रोज आत जात होते, मला दिसत होतं. रविवारी सकाळी ती पडद्याच्या इतकी जवळ बसायची की कापड तिच्या श्वासाने हलायचं. एकदा हळूच म्हटलं, "हलीमा, तू सांगून टाक ना जुबेदाबींना."

तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं. "काय सांगू?"

"ते."

"मी कबूल केलंय, वहिनी. ज्याला कबूल केलं त्यानंच त्यातून सोडवावं."

मी रोज सकाळी दिवा लावून त्रिशरण-पंचशील म्हणते. चौथं शील खोटं न बोलण्याचं. एकतीस वर्षांत किती सकाळी होतात? त्या आठवड्यात चौथं शील आलं की मी ते तोंडातल्या तोंडात म्हणायची. आत स्वयंपाकघरातून दीपालीने विचारलं, "आई, घसा धरलाय का? काढा करू?" मला भीती काय होती तेही मी स्वतःला स्पष्ट विचारलं. अभय मला सोडून जाणार होता का? नाही. त्याला वाटलं असतं की आईने फसवलं. आणि ते खरं होतं. त्या खऱ्याला मी भीत होते, आणि त्याची किंमत हलीमा पडद्याआड बसून देत होती.

आठव्या रविवारी अभय बॅगेत मशीन भरत होता. नेमाने घ्यायचा, वापरायला मिळत नसलं तरी. मी कपाटातून १९९३ ची वही काढली. "जायच्या आधी हे वाच."

तो उभ्या उभ्या पानं उलटायला लागला. "'दुपारी नदाफांकडे गादीचं विचारायला गेले.' बरं. 'दुपारी गादीचं विचारायला गेले.' 'दुपारी गादीचं...' आई, एका गादीसाठी किती वेळा गेलीस?"

"बहात्तर."

"आणि घेतलीस का?"

"नाही."

तो हसला. मी हसत नाही हे बघून थांबला.

"गादी नव्हती रे," मी म्हटलं. "तुला पाजायला नेत होते. माझ्या अंगावर दूध नव्हतं. तू हलीमाच्या दुधावर जगलास. प्रसूतिगृहात आणि नंतर रोज. मी तिला सांगू नको म्हटलं होतं."

दीपाली दारात आली होती. तिने मागे जाऊन गॅस बंद केला.

अभय खुर्चीवर बसला. वहीच्या पानाकडे बघत म्हणाला, "सांगू नको म्हटलंस आणि तिनं ऐकलं?"

"हो."

"हलीमामावशीनं? ती कुणाचं ऐकते?"

"माझं ऐकलं."

त्याने वही मिटली. "मी तिला विचारलं होतं, कोण लागतेस म्हणून."

"मी तिथंच होते."

"माहितेय. तुझ्या हातात ताट होतं." तो माझ्याकडे बघत नव्हता. "पुसून पुसून त्याची कल्हई घालवत होतीस."

मला वाटलं, आता हा उठून जाईल. तो उठला, पण मोरीत जाऊन तोंड धुतलं, टॉवेलने पुसलं, बॅग उचलली आणि म्हणाला, "चल."

"मी कशाला?"

"मी सांगितलं तर जुबेदाबी म्हणतील आत यायची युक्ती काढली. तू लपवलंस, तूच सांग."

वाटेत तो माझ्यापुढे चार पावलं चालला. रस्ता ओलांडताना मात्र नेहमीसारखा माझा दंड धरला.

जिन्यावर जुबेदाबी होत्याच. "आलात का? आज बोट मिळायचं नाय हां."

"जुबेदाबी, आज अभय आत जाईल."

"वहिनी, रोज रोज काय तेच. परका पुरुष..."

"परका नाही. हलीमाच्या अंगावर प्यायलाय तो."

पडद्यामागून हलीमाचा आवाज आला. "वहिनी!" दटावल्यासारखा.

"तू गप बस. तुला मी सोडवलं."

जुबेदाबी स्टुलावरून उठल्या. वकिलासारखे प्रश्न सुरू झाले. "कधी?"

"जन्मला तेव्हा. तुमची भाची वारली त्याच आठवड्यात."

"किती दिवस?"

"प्रसूतिगृहात तेरा दिवस, पुढे बहात्तर दुपारी."

"म्हंजी दोन वरसाच्या आत. पोट भरून?"

"पोट भरून."

"दस्तगीरला ठावं व्हतं?"

"त्यांच्या समोर."

जुबेदाबींनी कपाळावर हात मारून घेतला. "मंग तो तिचा लेक हाय की! दुधाचा लेक, त्याला कसला पडदा? आन मी आठ रविवार लेकाला पायरीवर बसवला. माझ्या डोक्यावर पाप चढवलं तुम्ही दोघींनी मिळून!" मग पडद्याकडे तोंड करून, "हलीमा, तुझ्या जिभेला काय झालं व्हतं गं? एरवी तर गल्लीला ऐकू जातं!"

पडदा आतून जरा हलला.

त्यांनी स्वतःच पडदा बाजूला केला. "जा रे बाबा. पायताण काढ आन जा."

अभय आत गेला. पडदा परत पडला. मी स्टुलावर टेकले. आत हलीमा रडायला लागली. दस्तगीरभाई गेल्यापासून मी तिला असं रडताना ऐकलं नव्हतं, आणि मुलगी गेली तेव्हासुद्धा नाही. अभय काही बोलला ते मला कळलं नाही. फार हळू होतं, आणि माझ्यासाठी नव्हतं.

थोड्या वेळाने तिचा आवाज सावरला. "किती वाळलास रे."

"तू बघ स्वतःकडे."

"मी म्हातारी आहे. तुझी बायको जेवायला घालत नाही का?"

"घालते. तिला काही बोलू नकोस."

जुबेदाबी माझ्यासाठी पाणी घेऊन आल्या. "तुम्ही आत जावा की. तुम्हाला कोण अडवतंय?"

"बसते इथंच जरा."

"वाईट वाटतंय काय?"

"वाटेल असं वाटलं होतं," मी म्हटलं. त्या माझ्याशेजारी पायरीवर टेकल्या आणि लसूण सोलायला लागल्या. मीही चार पाकळ्या घेतल्या.

आत हलीमा आता सलग बोलत होती. इतक्या वर्षांचं साठलेलं, थांबत नव्हतं. तू डावीकडेच प्यायचास, म्हणत होती, उजवीकडे घेतलं की रडायचास. दोन्ही मुठी आवळायचास. पिता पिता झोपायचास आणि काढायला गेलं की झोपेतच धरून ठेवायचास. पोट भरलं की एकदा वर बघायचास माझ्याकडे, भुवई उचलून, साहेबासारखा.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो प्यायचा तेव्हा मी रोज दुसरीकडे बघत बसायची. हातातला लसूण तसाच ठेवून मी ऐकत राहिले.